बिनगिअरबॉक्सची भाऊबीज

गिअरबॉक्स काढून ठेवलेला असला तरी गाडीचं इंजिन चालू होतं. हे मला दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाने सांगितलेलं नाही, दोन्ही भाग तपासून बघा. हे मी स्वतः करून बघितलंय. त्यासाठी मला एक खुडूक कोंबडी, बैलांचं जू आणि आईचा वरणाचा डाव एवढं सामान लागलं.

जीप माझ्या फुईची. फुई म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाकीचे आत्या म्हणत असतील, पण आमच्या वेवजी गावातून जोरात शिंकलं तरी गुजरातेत ऐकू जातं, म्हणून आमच्याकडे फुई. भिकी फुई. फुईचं घर आमच्या घराला लागूनच, आणि दोघांच्या मधल्या अंगणात जीप. तीस वर्षं फुई जीप चालवते आहे. तलासरीच्या बाजाराला बायका, भाताची पोती, चिकूचे क्रेट, आणि एकदा तर नवरा, नवरी आणि त्यांचं लोखंडी कपाट एकाच फेरीत. या तीस वर्षांत तिने स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिलेला नाही. बाबांचासुद्धा नाही. बाबा बावन्न वर्षांचे आहेत, पण फुई त्यांना अजून 'धाकल्या' म्हणते आणि ते निमूट मागच्या सीटवर जाऊन बसतात.

आणि त्या फुईने मला शब्द दिला होता! दिवाळीच्या आठवडाभर आधी ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाली. नंतर लाभपाचमपर्यंत, म्हणजे भाऊबीजेनंतर तीन दिवस, संजाणला लेकीकडे, निलमताईकडे राहणार होती. निघताना चावी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "रोज सकाळी पाच मिनिटं चालू करायची, बॅटरी उतरायला नको. जागची हलवायची नाही. एवढं नीट केलंस तर मी आल्यावर कापलेल्या शेतात तुला शिकवते. घरात पहिली तू."

"आणि लायसन?"

"ते अठरा झाल्यावर. आधी आपल्या बांधाच्या आत तरी चालव. बांध काही लायसन मागत नाही."

घरात पहिली मी! बाबांच्याही आधी! चार दिवस मी अगदी शहाण्यासारखी वागले. पाचव्या दिवशी रुचिता आली.

रुचिता माझी वर्गातली मैत्रीण. तिची आई तलासरीला शिक्षिका आहे आणि रुचिताच्या हातात फोन असतो, बोटांना फुटल्यासारखा. ती म्हणाली, "यार शितल, नुसती बसून काय रील होणार? थोडी तरी हलव ना."

मी हलवली. पुढे दहा हात छान गेली. मी केस उडवले. मग समोर विहीर आली आणि मला वाटलं, आता मागे घ्यावी. गाडी अजून पुढेच जात होती, पण मला घाई. तशीच रिव्हर्स टाकली.

कडाड्!

असा आवाज मी फक्त एकदाच ऐकला होता, आजोबांनी सुपारी समजून खडा चावला तेव्हा.

देवजीमामा तलासरी नाक्यावरचे मेकॅनिक. आईचे लांबचे भाऊ, म्हणून फोन केल्यावर आले तरी. जीपखाली शिरले, अर्ध्या तासाने बाहेर आले आणि म्हणाले, "दात पडलेत."

"कुणाचे?" बाबांनी घाबरून विचारलं.

"रिव्हर्सचे. आणि शेजारच्याचेही."

त्याच दुपारी त्यांनी अख्खा गिअरबॉक्स उतरवला आणि टेम्पोत घालून गॅरेजला नेला. पार्ट वापीत मिळणार होते. पण वापीची दुकानं दिवाळीत जी बंद होतात ती थेट लाभपाचमला मुहूर्त करूनच उघडतात. बाबांनी बोटांवर दिवस मोजले. फुई लाभपाचमला येणार, पार्टही लाभपाचमला. "तिला अजून दोन दिवस तिकडेच थांबवू," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात मुलीच्या काळजीपेक्षा धाकट्या भावाची भीती जास्त होती, कारण घर आणि जीप फुईने त्यांच्यावर सोपवली होती.

रील मी रुचिताला तासाभरात काढून टाकायला लावली. झालं, असं वाटलं.

पाडव्याच्या सकाळी निलमताईचा फोन आला. "अगं शितल, आई उद्याच येतेय. ऐकतच नाही. म्हणते भाऊबीज आहे, भावाला ओवाळायचंय."

बाबा खाटेवर बसले ते बसलेच.

फुई कुठूनही आली की पाय धुण्याआधी जीप चालू करून आवाज ऐकते. हे अख्ख्या वेवजीला माहीत आहे. म्हणजे मला फक्त आवाज हवा होता. तिच्या ऑपरेशनच्या डोळ्यावर पट्टी असणार, आणि दुसऱ्या डोळ्याने तिला म्हैस कुठली आणि एसटी कुठली हे हॉर्न वाजल्यावरच कळतं. आवाज ऐकवायचा, मग "डॉक्टरांनी सांगितलंय, आराम कर" म्हणून लाभपाचम उलटेपर्यंत घरात बसवायची. शेतातलं शिकणं वाचवायचा एवढा एकच रस्ता होता.

मी देवजीमामांना फोन लावला. "मामा, गिअरबॉक्स नसताना इंजिन चालतं का?"

"न चालायला काय झालं? इंजिन म्हणजे तुझा बाप समज. पुढे कुणी ऐको न ऐको, त्याचं गुरगुरणं चालूच." मग ते हसायचे थांबले. "पण सेल्फ कुठे बसवशील?"

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. ती बसते गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घमेल्यासारख्या लोखंडी भागावर. मेकॅनिक त्याला बेल म्हणतात. आमची बेल गिअरबॉक्सबरोबर गॅरेजला गेली होती आणि सेल्फ वायरींना लोंबकळत होता.

"दुसरी तसलीच बेल असती तर जमलं असतं," मामा म्हणाले. "फुईच्या आधीच्या जीपची होती ना एक, जांभळाखाली टाकलेली?"

मी आणि रुचिताने एकमेकींकडे बघितलं. होती. पण त्यात गेले दहा दिवस जानीकाकीची कोंबडी अकरा अंडी घेऊन बसली होती.

जानीकाकी शेजारची. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लोखंड तुमचं असेल. कोंबडी माझी आहे. ती उठणार नाही."

"काकी, टोपलीत पेंढा घालून देते. मऊ."

"तिला विचार."

मी विचारलं. कोंबडीने माझ्या मनगटाचा तुकडा काढायचा प्रयत्न केला. शेवटी रुचिताने ओढणी टाकून तिला धरलं आणि मी अंडी एकेक करून टोपलीत ठेवली. कोंबडी टोपलीत बसेना. सुपात बसेना. अंगणभर आरडाओरडा करत फिरली आणि शेवटी जीपमध्ये चढून मागच्या सीटच्या फाटलेल्या फोममध्ये जाऊन बसली. अशी बसली की जणू तिकीट काढलंय. आम्ही अंडी हळूच तिच्या पोटाखाली सरकवली. जानीकाकी म्हणाली, "आता जीप जाईल तिथे मी."

पुढचं काम सांगते, कारण ते मी केलंय आणि मला त्याचा फार अभिमान आहे. बेल घासून, धुऊन इंजिनाच्या पाठीला लावली. आतून दहा दिवसांचा कोंबडीचा वास आला, पण बोल्ट बरोबर बसले. त्यावर सेल्फ चढवला. मग मामा फोनवरून म्हणाले, "थांब! इंजिनाची मागची बाजू गिअरबॉक्सवर टेकलेली असते. आता ती अधांतरी आहे. जॅक लाव." जॅक मामांच्याच गॅरेजला गेला होता. मग बाबांनी गोठ्यातलं जुनं जू काढलं. ते आम्ही खालून चॅसीच्या दोन पट्ट्यांना आडवं, दोरांनी करकचून बांधलं आणि इंजिनाची पाठ त्याच्यावर टेकवली. सायलेन्सरचा पाइप लोंबत होता, तो तारेने बांधला.

"आणि फ्लायव्हील, ते इंजिनामागचं जड चाक, उघडं फिरणार आहे," मामांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "ओढणी, वेणी, बोट, काही म्हणजे काही तिकडे न्यायचं नाही. चालू असताना खाली वाकायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"मग मार सेल्फ."

बाबांनी डोळे मिटले. मी चावी फिरवली. घुर्र, घुर्र, आणि मग... धडधडधडधड! अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. सीटवरची मात्र हलली नाही. रुचिता नाचली. मी नाचले. बाबा डोळे उघडून म्हणाले, "पुढे काहीच नाही आणि तरी चालतंय?" पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

एकच गोष्ट राहिली. गिअरचा दांडा गिअरबॉक्सबरोबर गेलेला, तिथे जीपच्या तळाला नुसतं भोक. मी आईचा वरणाचा डाव उलटा त्यात रोवला आणि दांडीवर चिंधी गुंडाळून गोल मूठ केली. लांबून अगदी गिअर.

"उद्या वरण कशाने वाढू?" आईने विचारलं.

"वाटीने."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फुई रिक्षातून उतरली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात मिठाईचा बॉक्स. मी धावत जाऊन जीप चालू केली. फुई अंगणात मान तिरकी करून उभी राहिली. धडधडधडधड.

"बरी आहे," ती म्हणाली. "आवाज जरा मोकळा झालाय."

"सर्व्हिसिंग!" मी म्हणाले.

फुईने पाय धुतले. बाबांना पाटावर बसवून ओवाळलं. कुंकू कपाळाऐवजी डाव्या भुवईवर लागलं, पण बाबा हलले नाहीत. बाबांनी ताटात साडी ठेवली. फुईने साडीला हात लावला आणि बाजूला सारली.

"साड्या आहेत माझ्याकडे. यंदा ओवाळणी मी मागणार."

"माग ना, बाय."

"जीपमधून दुकानापर्यंत एक फेरी. आठ दिवस घरात बसून कंटाळलेय. शितल स्टेअरिंगवर बसेल, मी शेजारी."

भाऊबीजेला बहिणीने ताटावर मागितलेलं नाही म्हणायचं नसतं. आमच्याकडे तर असं म्हणणाऱ्याचं वर्षभर काही धड होत नाही. बाबांच्या तोंडात लाडू होता. तो ना आत गेला ना बाहेर आला.

"पण डॉक्टरांनी..." मी सुरुवात केली.

"डॉक्टर म्हणाले धक्का लागायला नको. तू हळू चालव."

धक्का! आता धक्क्याशिवाय दुसरं होतंच काय आमच्याकडे?

पाच मिनिटांत सगळं ठरलं. मी स्टेअरिंगवर, फुई शेजारी, मागे कोंबडी. जीपच्या पाठीमागे बाबा, रुचिता आणि जानीकाकी. काकी कोंबडीसाठीच आली होती, पण ढकलत मात्र मनापासून होती. चाकांखालचे दगड काढले. हॅंडब्रेकही आमच्या जीपचा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो, म्हणजे तोही गॅरेजला. पायाचा ब्रेक तेवढा होता. मी तो तीनदा दाबून बघितला.

"पहिला टाक," फुई म्हणाली.

मी डाव पुढे सारला आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. मागून तिघांनी रेटा दिला. जीप हलली! अंगणातून रस्त्यावर, आणि रस्त्याला उतार. मला रडू येईल एवढं बरं वाटलं.

"दुसरा."

ॲक्सिलरेटर सोडला, डाव मागे, पुन्हा दाबला. उताराने वेग आपोआप येत होता. मागून बाबांच्या चपलांचा फटफट आवाज येत होता.

"मागे कोण बोलतंय?" फुईने विचारलं.

"कोंबडी, फुई. जानीकाकीची. तिला... तिला फिरायला आवडतं."

"हं. तिसरा टाक."

उतार संपला, ओहोळावरचा छोटा पूल आला आणि पुलापलीकडे दुकानापर्यंत चढ. मी ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाला नुसतं बोंबलायला लावलं. जीप मात्र मुंगीच्या चालीने. मागून असे आवाज येत होते की मला वाटलं कुणीतरी बाळंत होतंय.

"जीपला दमा झालाय का गं?"

"थंडी पडलीय ना, फुई."

"चढाला पहिला घ्यावा." आणि तिने हात लांब केला. तिचा हात चिंधीवर पडला. बोटांनी ती मूठ चाचपली, हलवली. "गिअर मस्त हलका झालाय."

"ग्रीस!" मी ओरडले.

समोरून दोन मोटरसायकलवाले आले. ते थांबले. पट्टी बांधलेली फुई, बोंबलणारं इंजिन, आणि मागे घामाघूम बाबा, भुवईवर कुंकू. त्यातल्या एकाने तोंड उघडलं. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं, मग हात जोडले. तो बिचारा गाडी लावून ढकलायला आला. त्याच्या जोरावर आम्ही दुकानापर्यंत पोचलो.

"थांब," फुई म्हणाली. मी ब्रेक दाबला. रुचिताने चाकांना दगड लावले. "इंजिन बंद कर."

बंद केलं. एकदम शांत झालं. फक्त बाबांचं धापणं आणि मागून कोंबडीचं कुक्कुक.

फुई समोर बघत, म्हणजे पट्टी समोर धरून, म्हणाली, "इंजिन खाली पडणार नाही ना? कशावर टेकवलंस?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि खरंच बाहेर पडलं.

"जुवावर."

"कुठल्या?"

"बैलांच्या. चॅसीला बांधून."

"सेल्फ कशावर बसवलास? बेल तर गिअरबॉक्सबरोबर गेली असेल."

"जांभळाखालची. जुन्या जीपची."

"माझ्या कोंबडीची!" मागून जानीकाकी ओरडली.

फुईने उजवा हात नाकाशी नेला आणि वास घेतला. "तरीच. गिअरला हिंग-कढीपत्त्याचा वास येतो हे तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. आईचा डाव धुऊन परत दे."

"तुला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"तुम्ही काढून टाकायच्या आधीच निलमने तुझी ती रील लावली होती. मला दिसत नव्हतं, ती म्हणाली बघ शितल कशी केस उडवते. केसांचं मला काय? मी ऐकलं. कडाड्. रिव्हर्सचे दात गेले, तिथेच कळलं." ती माझ्याकडे वळली. "चार दिवस वाट बघितली. फोन करून सांगेल, मग सांगेल. म्हटलं, जाऊन बघू तरी पोरगी काय करते."

"म्हणजे तू मुद्दाम फेरी मागितलीस?" बाबा पुढे आले होते. शर्ट अंगाला चिकटलेला.

"मग? घरात बसवून ठेवायचा विचार होता ना तुमचा?"

फुईने हात पुढे केला. "चावी."

मी दिली. घरात पहिली मी, शेतातलं शिकणं, सगळं त्या चावीबरोबर गेलं. मला वाटलं होतं मी रडणार नाही. पण नाक चोंदलं.

फुईने चावी मुठीत धरली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं चक्कर आली. ती हसत होती. "कोंबडीला उठवलंत! बेलीतून! अरे, मला रडवू नका, डोळ्याला पाणी लावायचं नाहीये..." जानीकाकी हसली, रुचिता हसली, मोटरसायकलवाला तर कधीचाच हसत होता. मी हसू की नको ते ठरेना.

"ऐक," फुई पट्टीखालून गाल पुसत म्हणाली. "पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. हा पहिला धडा तुला गिअरबॉक्सने शिकवला, आणि त्याची किंमत त्याने भरली. दुसरा आज झाला. ब्रेक वेळेवर मारलास, उतारावर घाबरली नाहीस, पुलाच्या कठड्याला घासली नाहीस. मी ऐकत होते. तिसरा लाभपाचमनंतर. पण गिअरबॉक्स देवजी चढवणार नाही, तू चढवणार. तो शेजारी उभा राहून फक्त तोंड चालवेल. आणि पुढच्या वेळी काही मोडलं तर आधी मला सांगायचं, मग जुगाड करायचा."

"हो, फुई!"

"आणि खोटं बोललीस त्याचं?"

मी डावावरची चिंधी उगाच घट्ट केली.

"उतर. परत जाताना तू ढकल."

मी उतरले. फुईने चावी धरलेला हात हवेत फिरवला. "धाकल्या कुठे आहे?"

"इथे, बाय."

"बस स्टेअरिंगवर."

बाबा हलेनात. बावन्न वर्षांचा माणूस, भुवईवर कुंकू, आणि चेहरा असा की वर्गात पहिला नंबर आल्यासारखा. "मी?"

"भाऊबीज काय एकाच बाजूने करायची असते? बस."

मोटरसायकलवाल्याने मित्रालाही बोलावलं. सगळ्यांनी मिळून जीप वळवली. बाबा स्टेअरिंगवर बसले, दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं, मग सोडलं, शर्टाला हात पुसले आणि पुन्हा धरलं. मी सेल्फ मारू का विचारलं तर म्हणाले, "मीच मारतो." धडधडधडधड! मी पाठीमागून खांदा लावला. चढाचा रस्ता आता उतार झाला होता. जीप सुटली, आणि बाबांच्या तोंडून इंजिनापेक्षा मोठा घर्र आवाज येत होता, गिअर बदलल्यासारखा. पूल गेला. पलीकडे अंगणापर्यंतचा चढ सुरू झाला आणि आमचे पाय घसरायला लागले.

"धाकल्या," पुढून फुईचा आवाज आला, "चढ आहे. पहिला टाक."

बाबांनी एवढ्या मनापासून गिअर ओढला की डाव भोकातून उपटून त्यांच्या हातातच आला. मागच्या सीटवरून कोंबडी किंचाळली.

"बाय," बाबा डाव उंच धरून म्हणाले, "न्यूट्रल झाली."